जन्मतारीख: एका कॉलमची समीक्षा

माझ्या आईला तीन वाढदिवस आहेत. पहिला आजीने सांगितलेला: नागपंचमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. दुसरा शाळेत गुरुजींनी लिहिलेला: १ जून १९५७. तिसरा तिला वयाच्या साठीनंतर अमेरिकेत मिळाला: ६ जानेवारी १९५७. हा तिसरा वाढदिवस एका क्लिनिकच्या डेटाबेसने दिला, आणि देताना कोणालाही काही विचारलं नाही.

झालं असं. आई चार महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. खोकला थांबेना म्हणून आम्ही क्लिनिकमध्ये गेलो. आईने पासपोर्ट समोर धरून फॉर्मवर ०१/०६/१९५७ असं नीट उतरवलं. काउंटरवरच्या मुलीने ते जसंच्या तसं टाइप केलं. स्क्रीनला काहीच खटकलं नाही. पुढे बिल प्रवास विम्याच्या कंपनीकडे गेलं. तिथे आईची जन्मतारीख १ जून होती, कारण ती पॉलिसी मी ऑनलाइन काढली होती आणि त्या पानावर महिना अक्षरांत निवडायचा होता. दोन तारखा जुळेनात, म्हणून त्यांच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. क्लेम चार महिने लटकला. पासपोर्टची प्रत, क्लिनिकचं पत्र, आणि 'प्लीज होल्ड'चं ते संगीत. तुमच्यापैकी कित्येकांनी आई-बाबांसाठी असे फोन केले असतील, त्यामुळे जास्त सांगत नाही.

लाज अशी की माझा धंदाच हा आहे. मी आरोग्याच्या नोंदींवर काम करते. पीएचडी जर्मनीत केली, तिथे तारखेत तिरक्या रेघांऐवजी टिंबं असतात. आता पोस्टडॉक इथे. दिवसाचा बराच वेळ लोकांच्या तारखा साफ करण्यात जातो. तरी आपल्या आईच्या शेजारी उभं राहून ती फॉर्म भरत असताना माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही.

तेव्हापासून मनात आहे की या गोष्टीवर एकदा नीट लिहावं. समीक्षा आपण पुस्तकांची करतो, सिनेमांची करतो. डेटाबेसमधल्या तारखेच्या कॉलमची कोणी करत नाही, कारण तो कोणी रचला असेल असं वाटतच नाही. पण तो रचलेला असतो. त्यात काय मावेल, काय मावणार नाही, गोंधळ झाला तर कोणाची बाजू घ्यायची, हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं. माझी तक्रार थोडक्यात अशी: हा कॉलम हिशोबात पक्का आहे आणि साक्षीत कच्चा. तो तारीख जपतो, पण ती कोणी सांगितली, कुठल्या घड्याळाने सांगितली आणि कितपत खात्रीने सांगितली, हे टाकून देतो. मग तीच तारीख अशा थाटात दाखवतो की जणू शंकेला जागाच नव्हती.

आधी सोपी चूक पाहू. पोस्टग्रेस्क्यूएल हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस, मूळचा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातला. त्यात 'डेटस्टाइल' नावाची सेटिंग आहे. तारीख दाखवायची कशी आणि रेघा मारलेली तारीख आली तर वाचायची कशी, हे ती ठरवते. सेटिंगला कोणी हात लावला नाही तर अमेरिकेत साधारण असं होतं: दाखवताना वर्ष-महिना-दिवस, वाचताना मात्र महिना आधी. ०१/०६/१९५७ आत गेलं की १९५७-०१-०६ होऊन बाहेर येतं. आता २३/०६/१९५७ घालून पाहा. लगेच अडवतो, कारण तेविसावा महिना नसतो. वर 'डेटस्टाइल तपासा' असंही सुचवतो.

म्हणजे तुमचा जन्म बारा तारखेनंतरचा असेल तर तुम्ही वाचलात, चूक ओरडून सांगते. बारा तारखेपर्यंतचा असेल तर चूक गप्प बसते. हिशोब सोपा आहे. बारा महिने गुणिले पहिले बारा दिवस म्हणजे १४४ तारखा. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा तारखा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षातल्या १३२ दिवशी जन्मलेल्या माणसांची तारीख कोणाच्याही नकळत बदलू शकते. आईची १ जून त्या १३२ मधली.

यावर प्रोग्रामर मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: आयएसओ ८६०१ वापरा. १९८८ चं प्रमाण आहे, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, वाद संपला. यंत्रांपुरता तो खरंच संपला, आणि मी ते मनापासून मान्य करते. पण क्लिनिकच्या काउंटरवर कोणी आयएसओमध्ये बोलत नाही. तिथे माणूस हाताने लिहितो आणि दुसरा माणूस डोळ्यांनी वाचतो. गंमत म्हणजे हे अमेरिकन सरकारला फार पूर्वीपासून माहीत आहे. अमेरिकेच्या पासपोर्टवर जन्मतारीख दिवस, मग महिन्याचं छोटं नाव, मग वर्ष अशी छापतात. तुम्ही व्हिसासाठी डीएस-१६० भरलात, त्यातही महिना अक्षरांतच निवडला. जिथे जगभरची माणसं येणार आहेत तिथे महिना आकड्यात लिहून चालत नाही, हे सरहद्दीवर कळलेलं आहे. सरहद्द ओलांडून आत आलो की क्लिनिक, शाळा, बँक सगळे ते विसरतात.

त्याच सरहद्दीवरचं दुसरं उदाहरण तर मला जास्त आवडतं. तुम्ही एफ-१ वर आला असाल तर आपलं आय-९४ काढून बघा. मुक्कामाची शेवटची तारीख जिथे असायला हवी, तिथे अनेक वर्षं तारीख नसून 'डी/एस' ही दोन अक्षरं येत आली आहेत. ड्युरेशन ऑफ स्टेटस, म्हणजे शिक्षण रीतसर चालू आहे तोवर. तारखेच्या जागी तारीख नसलेली गोष्ट! कुठल्याही कडक डेटाबेसने ती नाकारली असती. पण इथे राज्यसंस्थेला एक खरी गोष्ट सांगायची होती, की मुदत आज ठरलेली नाही, आणि त्यासाठी तिने जागा केली. होमलँड सिक्युरिटी खात्याने २०२० मध्ये आणि परत २०२५ मध्ये 'डी/एस' काढून ठरावीक तारीख घालायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा तुमच्या-माझ्या ग्रुपवर किती घबराट उडाली ते आठवा. एका रकान्यात काय छापायचं हा प्रश्न दिसतो किरकोळ. त्यावर माणसाचं घर कुठे असेल ते ठरतं.

तर मग जिथे तारीख पूर्ण माहीतच नाही, तिथे काय? इथे आपण १ जूनकडे येतो.

महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवसांचा पूर येतो, यावर तुम्ही विनोद ऐकले असतील. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये भरायच्या, मुलाला सहा वर्षं पुरी व्हायला हवीत, घरात जन्माची नोंद नाही, म्हणून गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि पुढे १ जून लावायचे. त्यात कोणी कोणाला फसवत नव्हतं. गुरुजींना आणि आजोबांना, दोघांनाही ठाऊक होतं की ही सोयीची तारीख आहे. पण दाखल्यावरून ती पॅनकार्डावर गेली, तिथून पासपोर्टवर, पासपोर्टवरून अमेरिकेतल्या सर्व्हरवर. सोयीची आहे ही माहिती वाटेत कुठेतरी गळून पडली. इथे निर्वासित म्हणून आलेल्या अनेकांच्या कागदांवर अशीच १ जानेवारी असते. जन्मतारखांचा आलेख काढला की त्या दिवशी अचानक एक खांब उंच उभा राहतो. तो दिसला की कळतं, इथे माणसं जन्मली नाहीत, इथे फॉर्म भरले गेले.

डेटाबेसने याला काय जागा ठेवली? तारीख या प्रकारात तुम्हाला वर्ष, महिना, दिवस तिन्ही द्यावेच लागतात, नाहीतर रकाना सरळ रिकामा ठेवायचा. सगळं माहीत किंवा काहीच माहीत नाही. मधलं काही नाही. अपवाद होता मायएसक्यूएलचा. त्यात १९५७-००-०० असं लिहिता यायचं, आणि जन्मतारीख पूर्ण माहीत नसेल तर ही सोय वापरा असं त्याच्या दस्तऐवजातच म्हटलं होतं. प्रोग्रामर लोकांनी या शून्यांची भरपूर टिंगल केली. त्यांची अडचणही खरी होती. शून्याव्या महिन्यावरून वय कसं काढणार? शेवटी २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ही सोय मूळ सेटिंगमध्ये बंद झाली. मला विचाराल तर एक ओबडधोबड पण प्रामाणिक गोष्ट गेली, आणि तिच्या जागी नीटनेटकी १ जून आली.

जास्त चांगलं उत्तर ग्रंथपालांनी शोधलं. जुन्या फोटोंवर, पत्रांवर तारखा अर्धवटच असतात, त्यामुळे त्यांना हा प्रश्न रोजचा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुढाकार घेऊन एक लेखनपद्धत बनवली. त्यात सालापुढे एक वळणदार चिन्ह लावलं की 'साधारण १९५७', प्रश्नचिन्ह लावलं की 'बहुधा १९५७, खात्री नाही', आणि दिवस-महिन्याच्या जागी फुल्या मारल्या की 'माहीत नाही'. २०१९ मध्ये ही पद्धत आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात गेली. म्हणजे ज्या प्रमाणाचं नाव घेऊन मला गप्प केलं जातं, त्याच प्रमाणात आता आजीच्या उत्तराला जागा आहे. क्लिनिकच्या डेटाबेसपर्यंत ती अजून पोचलेली नाही, एवढंच.

आजीचं उत्तर पक्कं करायचा मी प्रयत्न केला. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या त्या पिढीची कालगणना कोयनेच्या भूकंपापासून चालते. मामा म्हणतो भूकंप झाला तेव्हा आई चौथीत होती, मावशी म्हणते पाचवीत. निदान भूकंपाची तारीख तरी बघू म्हणून मी अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचा, म्हणजे यूएसजीएसचा, कॅटलॉग उघडला. कोयना: १० डिसेंबर १९६७, २२:५१.

पण आपल्याकडे सगळे ११ डिसेंबर म्हणतात! पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, माणसं झोपेत होती. यूएसजीएसचं काही चुकलेलं नाही. तो जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी, दाखवतो. साडेपाच तास वजा केले की पहाट आदल्या रात्रीत जाते आणि तारीख एकाने मागे सरकते.

मग मी किल्लारी शोधलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, हे मराठवाड्यात कोणालाही झोपेतून उठवून विचारा. कॅटलॉगमध्ये २९ सप्टेंबर, २२:२५. त्या पानावर आपल्या संगणकाची स्थानिक वेळ निवडायची सोय आहे. न्यूयॉर्कला बसून ती निवडलीत तर किल्लारीचा भूकंप २९ तारखेला संध्याकाळी सहा पंचवीसला होतो. संध्याकाळी सहा पंचवीसला! जवळपास दहा हजार माणसं गेली ती का गेली याचं अर्धं उत्तर त्या वेळेत आहे. लोक दगडमातीच्या जड घरांत गाढ झोपले होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून उशिरा घरी येऊन झोपले होते. 'विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला' असं आपल्याकडे म्हणतात आणि तेही बरोबर आहे, कारण आपली रात्र बाराला संपत नाही, ती उजाडेपर्यंत चालते. यूटीसीतला क्षण अचूक आहे. पण त्या क्षणी तिथे रात्र होती, ही गोष्ट क्षणात मावत नाही.

यात डेटाबेसचा दोष कुठे? पोस्टग्रेसमध्ये वेळेचा जो प्रकार सगळे वापरा म्हणतात, त्याचं नावच 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' आहे. नाव वाचून वाटतं की तो टाइम झोन जपत असेल. जपत नाही. तुम्ही झोनसकट वेळ दिलीत की तो ती यूटीसीत बदलतो, झोन फेकून देतो, आणि नंतर बघणाऱ्याच्या झोनमध्ये दाखवतो. बघणाऱ्याच्या, ज्याच्यावर गुदरली त्याच्या नाही. दोन प्रसंगांमधलं अंतर मोजायला ही उत्तम व्यवस्था आहे. पण 'तिथे तेव्हा किती वाजले होते' हे हवं असेल तर वेगळा रकाना करून तुम्हालाच जपावं लागतं, आणि पन्नास वर्षांनी त्याची गरज कोणाला पडेल हे टेबल बनवणाऱ्याला क्वचितच सुचतं.

आणि समजा, जागा जपली. तरी घड्याळ कोणतं? आपल्या फोनपासून सर्व्हरपर्यंत सगळे टाइम झोन एका सामायिक माहितीसाठ्यातून येतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला आणि स्वयंसेवकांनी तो आजवर अपार निष्ठेने सांभाळला. त्यात भारतासाठी एकच नाव आहे, 'एशिया/कोलकाता', कारण नियम असा की १९७० नंतर घड्याळं वेगळी चालली असतील तरच वेगळी नोंद. पण मुंबईची घड्याळं वेगळी चालत होती! १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती झिडकारली. शहराची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे होती, आणि 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. गिरणगावात, फोर्टमध्ये, नगरपालिकेत त्यावरून जोरदार भांडणं झाली. व्हेनेसा ऑगल या इतिहासकार बाईंनी त्यावर चांगलं लिहिलं आहे.

म्हणजे १९३८ साली गिरगावात मुंबई टाइमप्रमाणे सकाळी ९:१० ला जन्मलेल्या कोणाची वेळ आज सॉफ्टवेअरमध्ये 'एशिया/कोलकाता' म्हणून घातली की ३९ मिनिटांची चूक होते, आणि स्क्रीनवर ती सेकंदांसकट अचूक दिसते. युद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, घड्याळं तासभर पुढे होती ते वेगळंच. त्या वेळच्या पत्रिकांमध्ये वेळेपुढे 'स्टँ. टा.' असं लिहिलेलं दिसतं. पत्रिकेवर तुमचा विश्वास असो नसो, दोन अक्षरांची ती पुस्ती बघा. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की नुसता आकडा पुरत नाही, घड्याळाचं नावही लागतं. आजच्या कित्येक कॉलमांपेक्षा ती नोंद चांगली आहे.

घड्याळाचं जे, तेच कॅलेंडरचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म झाला त्या दिवशी घरच्यांच्या कॅलेंडरवर ११ फेब्रुवारी १७३१ होती. १७५२ मध्ये ब्रिटन आणि वसाहतींनी कॅलेंडर बदललं आणि ती २२ फेब्रुवारी १७३२ झाली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधला जुना तारखेचा प्रकार १७५३ पासूनच सुरू होतो, या बदलाच्या भानगडीत पडायला नको म्हणून. त्यात अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा जन्म मावत नाही. निदान तो सरळ नाही म्हणतो.

पोस्टग्रेस नाही म्हणत नाही. त्यात १६३०-०२-१९ ही तारीख घाला. आपली सरकारी शिवजयंती. तो निमूट घेतो आणि आजचंच कॅलेंडर मागे ताणून तिला ग्रेगोरियन मानतो. पण ती तारीख ज्युलियन कॅलेंडरची आहे, ग्रेगोरियनमध्ये १ मार्च होते. हे ताडून पाहायला तिथी आहे. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झालेले. पोस्टग्रेसच्या १९ फेब्रुवारीला मात्र पौर्णिमा अजून आठवडाभर लांब असते. पक्षच चुकतो! तारखेची जयंती की तिथीची, हे भांडण आपण वर्षानुवर्षं करतो. इथे ती जुन्या धाटणीची तिथीच तारखेची चूक पकडून देते, कारण ती चंद्राला बांधलेली आहे.

तुम्ही म्हणाल, ही सगळी रडगाणी झाली. कुठे काही बरं आहे की नाही? आहे. ब्राउझरला मराठीत तारीख मागा, आकडे आपोआप देवनागरीत येतात. हिंदीत मागितली तर इंग्रजी आकडे येतात. कोणीतरी बसून मराठीची बाजू मांडल्याशिवाय हे झालं नसेल. 'मोमेंट जेएस' या लोकप्रिय लायब्ररीच्या मराठीत 'एक तास' आणि 'एका तासापूर्वी' हे वेगळे ठेवलेत, म्हणजे सामान्यरूप सांभाळलंय. मला तो कोड वाचताना भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मात्र त्याच फाइलमध्ये रात्री बारा ते सकाळी सहा या सगळ्या वेळेला 'पहाटे' म्हटलंय. त्यामुळे साडेबाराला 'पहाटे १२:३०' येतं. असं कोण म्हणतं? आपण 'रात्री साडेबारा' म्हणतो, आणि शनिवारची रात्र असेल तर शनिवारच म्हणतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानासाठी एक दिवस उशिरा विमानतळावर पोचलेलं कुटुंब प्रत्येकाच्या ओळखीत असतं. तिकिटावर रविवार ०१:३०, घरात सगळे म्हणत होते 'रविवारी रात्री दीड'.

आता समोरची बाजू. माझे सहकारी म्हणतात, डेटाबेसला हिशोब करायचाय. क्रम लावायचाय, वय काढायचंय, औषधाचा डोस ठरवायचाय. त्याला 'साधारण', 'बहुधा', 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी' देऊन चालेल का? नाही चालणार. मलाही रोज एक पक्की तारीख लागते. माझं म्हणणं इतकंच आहे की ती पक्की केली हे सांगा.

आणि हे करता येतं, याचं उदाहरण माझ्याच क्षेत्रात आहे. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाच्या नोंदींचा 'मिमिक' नावाचा डेटाबेस एमआयटीत तयार झाला. रुग्णांची ओळख लपवायची म्हणून त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येकाच्या सगळ्या तारखा एका गुप्त अंतराने भविष्यात ढकलल्या. माणूस २१४७ मध्ये दाखल होतो. वय एकोणनव्वदच्या वर असेल तर तीनशेच्या घरात दिसतं. सगळ्या तारखा खोट्या. तरी त्यावर हजारो शोधनिबंध उभे आहेत, कारण काय खोटं आणि काय खरं हे आधीच सांगितलंय: दोन घटनांमधलं अंतर खरं, वार खरा, दिवसाची वेळ खरी. २१४७ वाचून कोणी फसत नाही. १ जून १९५७ वाचून सगळे फसतात.

म्हणून तुमच्यापैकी जे हे कॉलम बनवतात, आणि या साइटच्या वाचकांत ते थोडे नसणार, त्यांना माझी विनंती छोटी आहे. माणसाला दाखवताना महिना अक्षरांत लिहा. जिथे घटना घडली तिथली वेळ वेगळी जपा. जन्मतारखेशेजारी आणखी एक साधा मजकुराचा रकाना ठेवा: कशावरून? दाखला, पासपोर्ट, की घरच्यांचं सांगणं. हिशोबाचा रकाना हिशोब करेल, दुसरा साक्ष देईल. याला फार जागा लागत नाही.

आईचा क्लेम शेवटी मंजूर झाला. क्लिनिकने तारीख दुरुस्त केली, म्हणजे ६ जानेवारी खोडून १ जून केली. 'करेक्टेड' असा शेरा आला. आई फोनवर हसली, म्हणाली, "चुकीची काढून खोटी घातली."

आमच्या घरच्या नोंदींची एक फाइल आता मी केली आहे. त्यात आईच्या नावापुढे दोन रकाने आहेत. एकात १९५७-०६-०१, कंसात 'शाळेचा दाखला'. दुसऱ्यात आजीचं वाक्य, तिने सांगितलं तसं, आणि त्याखाली मामाची चौथी आणि मावशीची पाचवी, दोन्ही. आजी आता नाही. ते वाक्य मी आईकडून ऐकून लिहिलंय, आणि तेही तिथे लिहिलंय.

तुमच्या घरीही असं एखादं वाक्य असेल. पुढच्या फोनला विचारा. उत्तर आलं की लगेच त्याची तारीख करू नका, आधी ते आहे तसं लिहून घ्या.